स्टेलाबाईंची तीनचाकी

स्टेलाबाई तिसऱ्यांदा पेरूच्या बागेच्या कुंपणात घुसल्या तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि डेअरीला दूध घालून परतणारं अर्धं गाव रस्त्यावर होतं. तीन चाकांची सायकल कधी पडत नाही, असं राहात्याच्या दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि त्या माणसाला खोटारडा म्हणता येणार नाही. गाडी पडली नव्हतीच. ती फक्त रस्ता सोडून डावीकडे डावीकडे जात राहिली आणि कुंपणाच्या तारेत तोंड खुपसून उभी राहिली. बाई मात्र सीटवर ताठ बसल्या होत्या, पदर खांद्यावर, चष्मा नाकावर. जसं काही त्यांना तिथंच जायचं होतं.

कुणी हसलं नाही, हे सांगायला हवं. जिनं आपली नाळ कापली तिला तोंडावर हसायचं कसं? ज्यांना हसू आलं ते घरी जाऊन हसले.

स्टेलाबाई म्हणजे गावाची शिस्टर. छत्तीस वर्षं सरकारी नर्स म्हणून नोकरी केली, ती सगळी सायकलवर. काळी लेडीज सायकल, मागे औषधांची पेटी, आणि ऊन असो पाऊस असो, वाड्यावस्त्यांवर फेरी. बाळंतपणं किती केली याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही, गावानं ठेवला. निवृत्त झाल्या, पुढे नवरा गेला, मुलगा सॅम्युएल पुण्यात स्थिरावला, तरी बाई ख्रिस्ती आळीतल्या आपल्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या आणि सायकल काही सुटली नाही. भाजी आणायला सायकल, चर्चला सायकल, कुणाचं बाळ रडायचं थांबत नाही म्हणून निरोप आला की सायकल.

मग गेल्या नाताळाच्या आधी एकदा भर रस्त्यात डोकं गरगरलं आणि बाई सायकलसकट कडेच्या पाण्याच्या चारीत गेल्या. नशीब, चारी कोरडी होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानातला तोल सांभाळणारा भाग बिघडलाय. चाला, फिरा, पण दोन चाकांवर पुन्हा बसायचं नाही. सॅम्युएल तर टपूनच बसला होता. आई, आता पुण्याला चल, म्हणाला. बाई म्हणाल्या, तुझ्या नवव्या मजल्यावर मी गेल्या वर्षी अडीच महिने राहून आले, तिथं मी तुझी आई आहे, त्याच्या पलीकडे मला कुणी ओळखत नाही. मायलेकरांची चांगली जुंपली. शेवटी पोरानंच तोड काढली. त्यानं राहात्याच्या दुकानातून ही तीनचाकी मागवली आणि अट घातली: ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मी येतो. त्या दिवशी घरापासून चर्चपर्यंत एकटी ही चालवत ये. आलीस तर खुशाल राहा इथं. नाही आलीस तर सामान बांधायचं, आणि मग तोंड वाकडं करायचं नाही.

बाईंनी एका पायावर कबूल केलं. छत्तीस वर्षं दोन चाकांवर काढली, तीन म्हणजे काय, एक जास्तीचंच!

आता त्या रविवारला पंधरा दिवस राहिले होते आणि बाई कुंपणात होत्या.

बागेच्या समोरच कानिफनाथचं दुकान होतं. झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म, असलं सगळं. कानिफ लहानपणीच पोलिओनं दोन्ही पायांनी अधू झालेला, आता बेचाळिशी ओलांडलेला गडी. त्याची स्वतःची तीनचाकी होती, हातानं फिरवायची, सरकारकडून मिळालेली. तिच्यावरून तो अख्खा तालुका हिंडायचा. त्यानं दुकानातून हाक दिली, शिस्टरबाई, जरा थांबा, मी सांगतो. पण बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, गाडी हातानं मागे ओढली आणि तशीच ढकलत घरी नेली.

हे त्यांचं जुनंच होतं. कानिफच्या दुकानाची पायरी बाई कधी चढल्या नाहीत. पेन्शनच्या कागदाची एक प्रत काढायची तर एस. टी. धरून राहात्याला जायच्या. लोक म्हणायचे, शिस्टरला गर्व आहे. कानिफ काही म्हणायचा नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आणखी लवकर निघाल्या, रस्त्यावर कुणी नसताना. बागेपाशी गाडी पुन्हा डावीकडे ओढायला लागली तशी त्यांनी घाबरून पाय खाली टेकवला. दोन चाकांवर जन्म काढलेलं माणूस दुसरं काय करणार? पाय जमिनीवर आणि गाडी चालतीच. मागचं चाक सरळ टाचेवर आलं. बाई कळवळल्या. पाय चाकाखाली, उतरता येईना, गाडी मागे सरकवता येईना, आणि मदतीला सबंध रस्त्यावर एकच माणूस, नुकतंच दुकानाचं शटर वर ढकलणारा कानिफनाथ.

तो हातानं पेडल फिरवत आला. खाली वाकून त्यानं चाकाला नेमका पाहिजे तेवढा हिसका दिला आणि पाय मोकळा झाला. टाच सोलली होती, हाड शाबूत होतं. बाईंनी ते स्वतःच चाचपून पाहिलं, सवयीनं. मग कानिफ बोलला. आता बाईंना पळून जायलाही पाय नव्हता.

"शिस्टरबाई, तुमी सायकल चालवताय. ही सायकल न्हाई."

"मग काय आहे?"

"ही खुर्ची हाय. खुर्चीवर बसल्यावर कुनी तोल सांभाळतं का? तुमी तोल सांभाळाया जाता आन ती तुमाला घेऊन कुपनात जाती."

मग त्यानं समजावून सांगितलं. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. गाडी जराशी कलली की बाईंना वाटतं पडलो, आणि दोन चाकांच्या खोडीनं त्या कलेल तिकडंच हँडल वळवतात. दोन चाकांवर त्यानं माणूस सावरतं. तीन चाकांवर त्यानं माणूस खड्ड्यात जातं. कललं तर कलू द्यायचं. हँडल सरळ. वळताना आधी वेग कमी, मग हँडल वळवायचं, गाडी कलवायला जायचं नाही. आणि पाय काही झालं तरी खाली टेकवायचा नाही. थांबायचं असेल तर ब्रेक दाबून नुसतं बसून राहायचं.

ऐकायला सोपं. पण अंगात मुरलेलं काढायचं म्हणजे काय असतं ते बाईंनाच ठाऊक. डोक्याला समजलं होतं, कंबरेला समजत नव्हतं. कानातला तोल गेला तरी तोल सांभाळायची खोड गेली नव्हती! कानिफची बायको कधी सायकलवर बसलेली नव्हती. ती सहज म्हणून बाईंच्या गाडीवर बसली आणि दुकानापासून चर्चपर्यंत जाऊन गिरकी मारून आली, हसत. बाईंना अस्सा राग आला. तिला विसरायचंच काही नव्हतं, त्यामुळे तिचं बरं होतं.

रोज सकाळी तासभर शिकवणी चालायची. कानिफ आपल्या गाडीवर बाजूनं, बाई आपल्या गाडीवर. कानिफ मास्तर म्हणून कडक होता. पाय खाली गेला की बोलायचा, बाई कललेल्या बाजूला अंग ताठ करू लागल्या की बोलायचा. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना दटावलेलं, त्यांना हे नवीन होतं. पण त्या मुकाट ऐकून घ्यायच्या, जरा जास्तच मुकाट. त्याच्याकडे नजर वर करून बघायच्या नाहीत. आठव्या दिवशी गाडी कलली आणि बाईंनी काहीच केलं नाही. हँडल सरळ धरून त्या पुढे गेल्या, गाडीही गेली. चर्चच्या फाटकापाशी त्यांनी ब्रेक दाबला आणि रस्त्याच्या मधोमध नुसत्या बसून राहिल्या. समोरून येणाऱ्या पाळकसाहेबांशी पाच मिनिटं बोलल्या, दोन्ही पाय पेडलवर ठेवून. उतरायला नको, टेकायला नको. असं निवांत बसून रस्त्यात कुणाशी बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि त्या मनापासून खूश झाल्या.

चर्चच्या पुढे अर्ध्या किलोमीटरवर पाट होता आणि पाटावर पूल. कानिफ म्हणायचा, सरळ रस्त्यावर कुणीही चालवील, पुलाचा चढ चढून पलीकडे उतरलात म्हंजे खरं शिकलात. बाई पुलापर्यंत यायच्या, आणि पुलापाशी आल्या की वळायच्या. एकदा म्हणाल्या टाच दुखते, एकदा म्हणाल्या गॅसवर दूध ठेवून आले. शुक्रवारी, रविवारला दोन दिवस राहिलेले असताना, त्या पुन्हा वळायला लागल्या तशी कानिफनं आपली गाडी आडवी घातली.

"रोज हितनंच का फिरता, शिस्टरबाई?"

"मला पलीकडे काय काम? चर्च अलीकडे आहे."

"पलीकडं माझी आय ऱ्हाती," कानिफ म्हणाला.

बाईंनी ब्रेक दाबला. पाय खाली टेकवले नाहीत. मग त्यांनी सांगितलं. बेचाळीस वर्षं जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते.

त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. थर्मासात बर्फ घालून त्यात पोलिओचे डोस घेऊन फिरायच्या. त्या दिवशीच्या फेरीतली शेवटची वस्ती पाटाच्या पलीकडची, राहीबाईची. एक तान्हं मूल, नाव कानिफनाथ. पाट फुटून वाटेवर गुडघाभर चिखल झाला होता. सायकल खांद्यावर घेऊन जावं लागलं असतं. तशी त्यांनी किती वेळा नेली होती. पण त्या संध्याकाळी नगरहून त्यांना बघायला पाहुणे यायचे होते. केस धुवायचे होते, साडीला इस्त्री करायची होती. त्या या पुलावरून परत फिरल्या आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, घर बंद. म्हटलं, पुढच्या महिन्यात देऊ. पुढच्या महिन्यात कानिफला ताप येऊन गेला होता. त्यानंतर बाईंनी ती वस्ती दुसऱ्या नर्सला दिली आणि बदल्यात दोन लांबच्या घेतल्या.

"एक डोस मिळाला असता तरी तुझे पाय वाचले असते असं नाही," बाई म्हणाल्या. "नर्स म्हणून मी हे सांगू शकते. मी स्वतःला रोज तेच सांगते. पण मला ते पटत नाही, कानिफ. एक दिवसही पटलं नाही."

आणि त्या रडायला लागल्या, चष्मा न काढता.

कानिफ हातातलं पेडल उगाच उलटं फिरवत होता. मग म्हणाला, "ठावं हाय मला. आय पलीकडं शेरडं राखीत हुती. तिनं तुमाला पुलावर बघितलं, आन म्हागं फिरतानाबी बघितलं."

बाईंनी पहिल्यांदाच नजर वर करून त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे हा सगळं जाणून होता. पहिल्या दिवशी हाक मारली तेव्हाही.

"म्हंजे त्यापायी तुमी झेरॉक्सला राहात्याला जायच्या व्हय?" कानिफनं विचारलं. "एका पानासाठी आठ किलोमीटर?"

त्यांना रडता रडता हसू आलं आणि हसण्याची लाज वाटली. कानिफ हसला नाही. तो म्हणाला, बारा-तेरा वर्षांचा होतो तेव्हा लई राग होता. पोरं शाळेत पळायची, मी वर्गाच्या दारात बसायचो आणि तुमची सायकल रस्त्यानं जाताना दिसायची. दगड मारावा वाटायचं. एकदा मारलाही होता, लागला नाही.

"मंग?" बाईंनी विचारलं. त्यांच्या तोंडी त्याचीच बोली आली.

"मंग काय. मला हातच तेवढं. ते रागात गुतवलं आस्तं तर गाडी कशानं हाकली आस्ती?" त्यानं आडवी घातलेली गाडी सरळ केली. "माझं मी मिटवलंय. आयचं मला म्हाईत न्हाई. ती कुनापाशी बोलत न्हाई. तिला सांगा."

बाई म्हणाल्या, चल ना मग माझ्याबरोबर. कानिफनं मान हलवली. माझ्यासमोर ती काही बोलायची नाही, म्हणाला. आणि तुमच्या लेकालाही नेऊ नका. एकट्या जा.

रविवारी सकाळी चर्चच्या फाटकापाशी ही गर्दी. शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन बायाबापड्या, म्हातारेकोतारे रांगेत उभे होते. मिरवणूक सुरू व्हायची होती. सॅम्युएल पहाटेच पुण्याहून निघून आला होता आणि कारला टेकून रस्त्याकडे डोळे लावून उभा होता. खरं सांगायचं तर त्याला धाकधूक दोन्हीकडून होती: आई आली नाही तर तिचं मन मोडणार आणि आली तर त्याची काळजी संपणार नाही.

बाई आल्या. पांढरी साडी, मागच्या टोपलीत बायबल आणि गीतांचं पुस्तक. बागेपाशी रस्ता कलतो तिथं गाडी कलली, बाई नाही कलल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. सॅम्युएलनं दोन्ही हात वर केले. पाळकसाहेब बाजूला सरून वाट करून देऊ लागले. बाई फाटकापाशी आल्या आणि थांबल्या नाहीत. त्यांनी डावा हात हँडलवरून काढला, लोकांच्या दिशेनं हलवला, आणि पुढे निघाल्या.

"आई, इकडे! चर्च इकडे आहे!"

"तुम्ही सुरू करा," बाईंनी मागे न बघता सांगितलं. "मला एका ठिकाणी जायचंय."

झावळ्यांच्या रविवारची उपासना शिस्टर चुकवणार? दोन अडलेल्या बाळंतिणी सोडल्या तर हे कधी झालं नव्हतं. सॅम्युएल किल्ली काढून कारकडे धावला. दार उघडलं, आणि उघड्या दाराशी उभा राहून बघत राहिला. पुढच्या वळणावर आईनं वेग कमी केला, हँडल वळवलं, गाडी आज्ञेत वळली. चारीतून उचलून आणली तेव्हाची आई त्याच्या डोळ्यांपुढे होती; ही ती नव्हती. त्यानं दार लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पाळकसाहेबांना म्हणाला, चला, सुरू करू.

पुलाचा चढ बाई दमानं चढल्या. वर त्या थांबल्या नाहीत; थांबल्या असत्या तर परत फिरल्या असत्या, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पलीकडे उतार, मग उसाच्या कडेनं कच्ची वाट, आणि वाटेच्या शेवटी जरा उंचावर राहीबाईचं घर. दोन खण, वर पत्रा, पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली चार शेरडं. घरापर्यंतचा चढ लहानसाच, पण माती भुसभुशीत. निम्म्यावर मागची चाकं रुतली. बाईंनी पेडलवर सगळा भार टाकला, गाडी हलेना.

राहीबाई दारात उभी होती. सत्तरी उलटलेली, वाळलेली, कमरेत वाकलेली. ती बाईंकडे बघत होती, मग तीनचाकीकडे. बराच वेळ तीनचाकीकडे.

रात्रभर जुळवलेलं सगळं बाई विसरल्या. "राहीबाई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी पुलावरनं परत गेले. घर बंद होतं असं खोटं लिहिलं. माफी मागायला आलेय."

राहीबाईनं पदरानं तोंड पुसलं. शेरडू ओरडलं, तिकडं तिनं पाहिलं नाही.

"लई येळ लावलास," ती म्हणाली.

"हो."

बाईंना वाटलं, झालं, आता ही आत जाईल आणि दार लावील, आणि लावलं तर तो तिचा हक्क आहे. राहीबाई आत गेली नाही. ती कमरेवर हात ठेवून चढ उतरली आणि गाडीला वळसा घालून मागे आली. तिला त्रास नको म्हणून बाई घाईनं उतरायला लागल्या.

"उतरू नगं, बस," राहीबाई मागून म्हणाली. "मला सवय हाय."

तिनं दोन्ही तळवे टोपलीखालच्या दांड्यावर टेकवले. एक पाय मागे रोवला, खांदा खाली घेतला, आणि कुठं जोर द्यायचा हे न बघताच जोर दिला. चाकं मातीतून सुटली. स्टेलाबाईंनी पाय पेडलवरच ठेवले आणि हँडल सरळ धरलं. मागून राहीबाईच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि गाडी हळूहळू वर चढत होती.